वाळकेश्वराची टेकडी

मोठ्या शहराच्या अंगाला एखादी टेकडी असली, म्हणजे शहरांतील माणसांचें लक्ष तिच्याकडे वेधल्यावांचून राहत नाहीं. खालीं गर्दी, धूळ, रोगराई आणि देण्याघेण्याच्या कटकटी. वर वारा, झाडें आणि मोकळें आकाश. पुण्यास पर्वती आहे, तशी मुंबईस वाळकेश्वराची टेकडी आहे. पण पर्वतीवर चढलेला मनुष्य देवदर्शन घेतो आणि दिवेलागणीच्या आंत घरीं परततो. वाळकेश्वराच्या टेकडीवरही माणसें प्रथम अशींच, परत फिरण्यासाठीं, चढत असत. पुढें मात्र तीं तेथें राहण्यासाठीं चढूं लागलीं. ह्या एका फरकांत त्या टेकडीचा सारा इतिहास सांठविलेला आहे, असें आम्हांस वाटतें. आणि तोच आज वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबई बेटाच्या नैर्ऋत्येस काळ्या दगडाचा हा लांबट कणा समुद्रांत घुसलेला आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस गिरगांवच्या चौपाटीपुढील आखात, आणि दक्षिणेस लाटांशीं झुंजणारें खडकाळ टोंक. उंची म्हणाल तर पावणेदोनशें फुटांच्या आसपास. सह्याद्रीच्या लेंकरांना ती डोंगर म्हणण्यासारखी वाटणार नाहीं. पण सपाट व पाणथळ मुंबईंत तेवढीही उंची दुर्मिळ होती. इंग्रजांनीं हिला 'मलबार हिल' असें नांव दिलें. मलबारकडील चांचे येथील टोंकावरून गलबतांवर नजर ठेवीत, म्हणून हें नांव पडलें, असें कोणी म्हणतात. तर त्या किनाऱ्यावरून येथें यात्रेकरू येत, म्हणून पडलें, असें दुसरे सांगतात. आमच्या लोकांच्या तोंडीं मात्र 'वाळकेश्वर' हेंच नांव पिढ्यान्‌पिढ्या होतें. दोन नांवें म्हणजे दोन इतिहास. त्यांतील जुन्याकडे प्रथम वळूं.

वाळूचा ईश्वर

सीतेच्या शोधार्थ दक्षिणेकडे निघालेले रामलक्ष्मण ह्या टेकडीवर विसांव्यास थांबले, अशी कथा आहे. रामचंद्रांच्या नित्यपूजेसाठीं लक्ष्मण काशीहून शिवलिंग आणीत असे. एके रात्रीं त्यास येण्यास उशीर झाला, तेव्हां रामानें समुद्रकांठच्या वाळूचें लिंग करून पूजा उरकली. वाळूचा ईश्वर तो वाळुकेश्वर, आणि वाळुकेश्वराचें झालें वाळकेश्वर. भोंवतीं खारें पाणी. प्यावयास थेंब नाहीं. म्हणून रामानें जमिनींत बाण मारून जो झरा काढला ती बाणगंगा. कथा कथेच्या ठिकाणीं असो. समुद्रापासून हांकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचा झरा आहे आणि पायऱ्यापायऱ्यांचें मोठें तळें तो भरतो, हें तर डोळ्यांनीं दिसणारें सत्य होय.

उत्तर कोंकणावर शिलाहारांचें राज्य असतां ह्या स्थानास वैभव होतें. शिलाहारांच्या दरबारांतील मंत्री लक्ष्मण प्रभु ह्यांनीं इ. स. ११२७ मध्यें हें तळें बांधविलें, अशी परंपरा आहे. तळ्याच्या कांठीं देवळें, मठ, धर्मशाळा आणि समाध्या उभ्या राहिल्या. लोक येत, स्नान करीत, पितरांना तिलांजलि देत आणि आपापल्या गांवीं जात.

टेकडीच्या दक्षिण टोंकास खडकांत एक चीर होती. तिला श्रीगुंडी म्हणत. त्या अरुंद चिरेंतून जो सरपटत पलीकडे निघेल त्याचीं पापें झडतात, जणूं तो पुन्हां जन्मास येतो, अशी श्रद्धा होती. वाट बिकट, खालीं समुद्र उसळत असलेला. तरीही यात्रेकरू तेथें येत. प्रत्यक्ष शिवछत्रपति व कान्होजी आंग्रे हे त्या चिरेंतून पार झाल्याचें जुने इंग्रज ग्रंथकार ऐकीव म्हणून नमूद करतात. त्यांच्याबरोबर ते रघुनाथराव पेशव्यांचेंही नांव घेतात. नारायणरावांच्या वधानंतर मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेलेल्या ह्या पुरुषास पापमुक्तीची ओढ लागली असेल, हें मनास पटण्याजोगें आहे; मग ती हकीकत खरी असो वा लोकांनीं रचलेली असो.

रामा कामत

पोर्तुगीजांच्या अमदानींत वाळकेश्वराचें जुनें देऊळ पाडलें गेलें. मुंबई १६६१ च्या विवाहकरारानें इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. तरी त्यानंतरही जवळजवळ पन्नास वर्षें देव निराश्रितच होता. १७१५ च्या सुमारास रामा कामत ह्या गौड सारस्वत गृहस्थांनीं द्रव्य खर्चून देऊळ पुन्हां बांधविलें. आज आपण पाहतों त्या वाळकेश्वराचें मूळ हें.

ह्या रामा कामतांची कहाणी महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक असावयास पाहिजे होती, पण ती नाहीं. कंपनीच्या दप्तरांत त्यांचें नांव 'कामाटी' असें येतें. ते मोठे व्यापारी होते, कंपनीसाठीं शिपाई उभे करीत, आणि गव्हर्नरांच्या विश्वासांतील होते. १७१८ च्या नाताळांत कोटांतील नवें इंग्रजी प्रार्थनामंदिर उघडलें, तेव्हां आपल्या ज्ञातिबांधवांसह दाराशीं उभे राहून त्यांनीं तो विधि पाहिल्याची नोंद तेथील पाद्र्यानें करून ठेविली आहे. आपला देव पुन्हां स्थापणारा हा मनुष्य दुसऱ्याच्या देवाचाही मान राखणारा होता, एवढें त्यावरून दिसतें.

पुढें कान्होजी आंग्र्यांवर चालून गेलेलीं इंग्रजांचीं आरमारें हात हलवीत परत आलीं. अपयशाचें खापर कोणाच्या तरी माथीं फोडणें भाग होतें. १७२० मध्यें गव्हर्नर बून ह्यांच्या कारकीर्दींत रामा कामतांवर आंग्र्यांशीं गुप्त संधान बांधल्याचा आरोप ठेवण्यांत आला. पत्रें पुढें आणलीं गेलीं, साक्षीदारांचा छळ करून जबान्या घेतल्या गेल्या, मालमत्ता जप्त झाली आणि जन्मठेप झाली. १७२८ मध्यें ते तुरुंगांतच वारले. तीं पत्रें बनावट होतीं, असें मागाहून संशोधकांनीं दाखविलें. पण मेलेल्यास त्याचा काय उपयोग? ज्यानें टेकडीवर देवास घर दिलें, त्यास स्वतःच्या घरीं मरण लाभलें नाहीं. बाणगंगेच्या कांठीं जाणाऱ्यानें तेथें एक नमस्कार त्यांच्या नांवानेंही करावा.

टेकडीच्या उत्तरेकडील अंगास पारशी बांधवांचें डुंगरवाडीचें आवार आहे. १६७० नंतरच्या चारपांच वर्षांत, गव्हर्नर आंजियर ह्यांच्या कारकीर्दींत, मोदी हिरजी वाच्छा ह्यांनीं येथें पहिला दख्मा बांधविला. अग्नि, भूमि आणि जल हीं पवित्र तत्त्वें प्रेतस्पर्शानें विटाळूं नयेत, म्हणून देह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची त्यांची रीत. वस्तीपासून दूर, उंच, झाडींत दडलेली जागा त्यांना हवी होती. ती ह्याच टेकडीवर मिळाली.

म्हणजे पाहा, त्या काळीं टेकडीवर कोण चढत होतें? कोणी पाप टाकण्यास, कोणी पितरांचें ऋण फेडण्यास, कोणी आप्तांचा देह ठेवण्यास. सर्वजण कांहीं तरी वर ठेवून हलक्या मनानें खालीं उतरत. टेकडी कोणाचीच नव्हती, म्हणून ती सर्वांची होती.

साहेब वर येतात

१८१८ मध्यें पेशवाई बुडाली. तीं सूत्रें हालविणारे पुण्याचे रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे पुढील वर्षीं मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांनीं टेकडीच्या दक्षिण टोंकाशीं, श्रीगुंडीच्याच परिसरांत, लहानसा बंगला बांधविला. त्यांच्यामागून आलेले सर जॉन माल्कम ह्यांना ती जागा इतकी आवडली कीं त्यांनीं ती वाढविली. तरी गव्हर्नरांचें मुख्य निवासस्थान परळासच होतें. वरचा बंगला म्हणजे उन्हाळ्यांत समुद्राचा वारा घेण्याची सोय.

ह्या व्यवस्थेस रोगानें धक्का दिला. १८८२ मध्यें गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्या पत्नी परळच्या प्रासादांत पटकीच्या विकारानें मृत्यु पावल्या. ज्यांचें नांव पुण्याच्या विख्यात महाविद्यालयास १८८५ मध्यें मिळालें, तेच हे फर्ग्युसन. त्याच १८८५ मध्यें गव्हर्नरांचें बिऱ्हाड परळहून उठून टेकडीच्या टोंकावर आलें, तें कायमचेंच. पुढें राजभवन म्हणून ओळखलें गेलें तें हें. जेथें रंकरावांनीं सारखेंच सरपटत पापमुक्त व्हावें, तेथें पहारे बसले. श्रीगुंडी देवीचें लहानसें देऊळ त्या आवारांत अद्याप आहे. पण जुनी मोकळी वहिवाट गेली.

ह्या हकीकतीस एक पुरवणी आहे, ती आमच्या मतें फार बोधप्रद आहे. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला. गव्हर्नरांनीं सोडलेलें परळचें तें घर १८९९ मध्यें डॉ. हाफकिन ह्यांच्या प्रयोगशाळेस मिळालें, आणि तेथें प्लेगप्रतिबंधक लस तयार होऊं लागली. पुढें हाफकिन संस्था म्हणून जी नांवारूपास आली ती हीच. रोगास भिऊन माणसें ज्या घरांतून वर गेलीं, त्याच घरांत बसून दुसऱ्या माणसांनीं रोगावर औषध केलें. शहराचीं दुखणीं टेकडीवर चढून बरीं होत नाहींत. तीं शहरांत राहूनच बरीं करावीं लागतात.

गव्हर्नरांच्या पाठोपाठ श्रीमंती आली. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकेंतील यादवीच्या वर्षांत कापसानें मुंबईंत सोन्याचा पाऊस पाडला. त्याच सुमारास बार्टल फ्रिअर ह्यांच्या आज्ञेनें कोटाचे तट पाडले गेले. तटाच्या आंत कोंडलेलें शहर बाहेर सांडूं लागलें. टेकडीच्या माथ्यावरून रस्ता गेला, बागांसह बंगले उठले, आणि निर्जन डोंगराचें उपनगर झालें. आधीं गोरे अधिकारी, मग पारशी, गुजराथी, भाटिये, जैन व्यापारी आणि संस्थानिक. १९०४ मध्यें बाबू अमीचंद पन्नालाल ह्यांच्या नांवाचें आदीश्वरांचें सुंदर जैन मंदिर माथ्यावरील रस्त्यावर उभें राहिलें. नव्या वस्तीनें देवही बरोबर आणिले. पण हे देव राहणाऱ्यांच्या शेजारचे होते, दुरून येणाऱ्यांची वाट पाहणारे नव्हते.

माथ्यावरचें पाणी

उंच जागेचा एक उपयोग मात्र ह्या काळींही साऱ्या शहरासाठीं झाला. मुंबईस विहारचें पाणी १८६० मध्यें, तुळशीचें १८७९ मध्यें आणि तानशाचें १८९२ मध्यें मिळालें. हें पाणी सांठवून उतारानें खालच्या वस्तीस पोहोंचविण्यासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भागांत टेकडीच्या माथ्यावर मोठा जलाशय बांधण्यांत आला. त्यावर छत घालून, छतावर माती पसरून बाग केली, तीच फेरोजशहा मेहता उद्यान म्हणजे 'हँगिंग गार्डन'. दख्म्यावरील गिधाडांमुळें पाणी दूषित होऊं नये म्हणून तें झांकलें, असें सांगतात. समोरचें कमला नेहरू उद्यान १९५२ चें. मुंबई पाहावयास गेलेल्या कोणत्या मराठी मुलानें तेथला 'म्हातारीचा बूट' पाहिला नसेल? बूट पाहणाऱ्या मुलांस ठाऊक नसतें कीं रस्त्यापलीकडच्या बागेच्या हिरवळीखालीं पाणी आहे, आणि तेंच गिरगांव, कोट, कुलाबा ह्या भागांतील नळांस उतरून येतें.

१९४४ च्या सप्टेंबरांत ह्या टेकडीवर आपल्या देशाच्या भवितव्याचा एक प्रयत्न झाला. बॅ. जिनांचा बंगला माउंट प्लेझंट रस्त्यावर होता. वास्तुविशारद क्लॉड बॅटली ह्यांच्या योजनेप्रमाणें तो १९३६ च्या सुमारास बांधलेला. महात्मा गांधी त्याच रस्त्यावरील बिर्ला भवनांत उतरले होते. ९ पासून २७ सप्टेंबरपर्यंत ते जिनांच्या घरीं वाटाघाटींसाठीं जात राहिले. राजाजींच्या योजनेवर घोळ झाला, पत्रें गेलीं-आलीं, आणि निष्पन्न कांहींच झालें नाहीं. दोन घरांमधील वाट थोड्या पावलांची होती. ती रोज तुडविली गेली, पण मनांमधील अंतर तसेंच राहिलें. तीन वर्षांनीं देशाची फाळणी झाली.

स्वातंत्र्य आल्यावर माथ्यावरील रस्त्यास मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर ह्यांचें नांव मिळालें. मुख्यमंत्र्यांचें 'वर्षा' हें निवासस्थान आणि 'सह्याद्रि' अतिथिगृह येथेंच आहेत. सत्ता बदलली, तरी सत्तेचा पत्ता बदलला नाहीं. २०१६ मध्यें राजभवनाच्या पोटांत इंग्रजांच्या वेळचें, तेरा खोल्यांचें भुयार सांपडलें. कित्येक दशकें तें बंद होतें. २०१९ पासून त्याचें संग्रहालय केलें आहे. उंचावर राहणाऱ्यांनाही जमिनीखालीं लपण्याची जागा करावी लागली होती, हें त्यावरून कळतें.

मोल आणि मोबदला

गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत बंगले पडूं लागले आणि त्यांच्या जागीं मजल्यांवर मजले चढूं लागले. भारतीय अणुशास्त्राचे आद्य प्रवर्तक डॉ. होमी भाभा ह्यांचें 'मेहरांगीर' हें घर २०१४ मध्यें लिलांवांत ३७२ कोटि रुपयांस गेलें. तें स्मारक म्हणून राखावें अशी मागणी झाली. परंतु २०१६ मध्यें तें पाडण्यांत आलें. एका घराचें मोल इतकें झालें कीं त्याचें मूल्य कोणास परवडेना.

टेकडीनें ह्या साऱ्याचा मोबदला आपल्या परीनें दिला आहे. ५ ऑगस्ट १९२० नव्हे, चांगल्या शंभर वर्षांनीं, २०२० च्या त्या दिवशीं प्रचंड पावसांत खेर मार्गाखालचा उतार खचला. भिंत, माती आणि झाडें खालच्या रस्त्यावर येऊन पडलीं, आणि वाहतूक बंद करावी लागली. डुंगरवाडींतील गिधाडें तर त्यापूर्वींच नाहींशीं झालीं होतीं. गुरांना देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसांतून पोटांत गेल्यानें साऱ्या देशांतील गिधाडें १९९० नंतर झपाट्यानें मेलीं. २००६ मध्यें गुरांसाठीं त्या औषधास बंदी झाली, पण पक्षी परतले नाहींत. पारशी समाजास सूर्यकिरण एकवटणाऱ्या आरशांची योजना करावी लागली, आणि २०१५ मध्यें वरळी येथें दहनाचा पर्याय स्वीकारणाऱ्या पारशांसाठीं प्रार्थनागृह उघडलें. कोठल्या तरी गांवीं गाईस टोंचलेल्या औषधानें मुंबईच्या टेकडीवरची तीनशें वर्षांची रीत मोडली. उंची माणसास जगापासून अलग करते, ही समजूत किती पोकळ आहे, हें ह्याहून स्पष्ट कोणतें उदाहरण सांगेल?

आणि २०२४ च्या जूनमध्यें बाणगंगेचा गाळ काढतांना ठेकेदारानें यंत्र थेट तळ्यांत उतरविलें, त्यानें जुन्या पायऱ्या फुटल्या. पोर्तुगीजांच्या घणांतून जें वांचलें होतें, त्यावर आपल्याच निष्काळजीपणाचा घाव बसला. लोकांनीं आरडाओरड केली, गुन्हा नोंदविला गेला, दुरुस्ती हातीं घेण्यांत आली. तसेंच २०२३ मध्यें माथ्यावरील जुना जलाशय पाडून नवा बांधण्याचा बेत निघाला, तेव्हां बाग आणि झाडें जातील म्हणून नागरिक पुढें आले आणि तज्ज्ञांकडून पाहणी करविण्यांत आली. २०२५ च्या मार्चमध्यें टेकडीच्या झाडींतून ४८५ मीटर लांबीची लांकडी उंच पायवाट सर्वांसाठीं खुली झाली. ह्या गोष्टींनीं आम्हांस धीर येतो. टेकडी पुन्हां चालत येणाऱ्यांची होऊं शकते, हें त्यांतून दिसतें.

कारण अजूनही तेथें कांहीं जागा अशा आहेत कीं जेथें दाराशीं कोणी नांव विचारीत नाहीं. बाग आहे, पायवाट आहे, आणि सर्वांत आधीं बाणगंगा आहे. सर्वपित्री अमावास्येस तेथें गिरगांव-लालबागच्या चाळींतलीं माणसें येतात, कार्तिकी पौर्णिमेस पायऱ्यांवर दिवे लागतात, बदकें पोहतात, आणि तळ्याच्या कांठच्या जुन्या घरांच्या मागें वीस-वीस मजले उभे असतात. त्या मजल्यांची किंमत कोणी कोटींत सांगेल. पण तळ्यांतील ओंजळभर पाण्यास किंमत नाहीं, म्हणून तें अजून सर्वांचें आहे.

आमच्या वाचकांच्या घरीं वडीलधाऱ्यांस घेऊन मुंबईस जाण्याचे प्रसंग येतातच. तेव्हां मुलांस म्हातारीचा बूट अवश्य दाखवावा. पण तेथून मागें न फिरतां उतारानें बाणगंगेपर्यंत यावें. आजीकडून वाळूच्या लिंगाची कथा ऐकवावी, वडिलांनीं रामा कामतांची हकीकत सांगावी, आणि फुटलेल्या व सांधलेल्या पायऱ्या मुलांच्या हातीं लावून पाहूं द्याव्या. जें विकतां येत नाहीं तें राखण्याचें काम खरेदीखतानें होत नसतें. तें जाण्यायेण्यानें, आठवणीनें आणि वेळप्रसंगीं हरकत घेण्यानेंच होतें. वाळकेश्वराच्या टेकडीवर आपला हक्क एवढाच, आणि तो बजावणें हें आपलें कर्तव्य होय.